निक ड्रेकचा दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’: सजावट जास्त झाली, की आपणच तो तिसऱ्याच्या सावलीत ऐकतो?

मंद्रसप्तक

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराविषयी जे लिहिले जाते, त्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूपासून होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नैराश्यावरील औषधाच्या अतिमात्रेने तो गेला. मागे तीन अल्बम उरले आणि त्याच्या हयातीत त्यांपैकी एकाच्याही पाच हजारांहून अधिक प्रती खपल्या नाहीत. ही हकीगत इतकी जबर आहे की तिन्ही अल्बम तिच्याच उजेडात ऐकले जातात, आणि त्यात सर्वांत जास्त नुकसान मधल्याचे, म्हणजे मार्च १९७१ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने काढलेल्या ‘ब्रायटर लेटर’चे झाले आहे, असे माझे मत आहे. पहिला ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ (१९६९) उमेदीचा, तिसरा ‘पिंक मून’ (१९७२) अंताची चाहूल लागलेला, आणि मधला निर्मात्याने बाजारासाठी नटवलेला, अशी वाटणी रसिकांत पक्की होऊन बसली आहे. ती मला मान्य नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वुड आणि जागा लंडनच्या चेल्सी भागातील ‘साउंड टेक्निक्स’. एका जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत हा स्टुडिओ होता. संगीत संयोजन रॉबर्ट कर्बी यांचे. कर्बी हे कुणी नामांकित व्यावसायिक नव्हते; केंब्रिजमध्ये शिकत असताना निकची त्यांच्याशी मैत्री झाली होती आणि पहिल्या अल्बमच्या वेळी आधी नेमलेल्या संयोजकाचे काम न रुचल्यामुळे निकनेच आपल्या या मित्राचे नाव पुढे केले होते. दुसऱ्या अल्बमसाठी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या गटातील डेव्ह पेग (बास) आणि डेव्ह मॅटॅक्स (ड्रम) आले, एका गाण्यात रिचर्ड थॉम्प्सन यांची गिटार आली, बीच बॉइज या अमेरिकी गटाच्या मैफलींत साथ करणारे दोन वादक आले, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि बासरी आली. पहिल्या अल्बममधील धूसर, संध्याकाळच्या वातावरणानंतर हा सारा गजबजाट ऐकणाऱ्याला दचकवतो, हे खरे आहे. त्या वेळच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाने तर लोकसंगीत आणि कॉकटेल जॅझ यांचे हे अवघडलेले मिश्रण आहे असा शेरा मारला होता. ‘रेकॉर्ड मिरर’ने मात्र त्याच्या गिटारवादनाचे आणि संयोजनाचे मनापासून कौतुक केले होते, पण तो शेरा लोकांच्या लक्षात राहिला आणि हे कौतुक विसरले गेले.

माझे म्हणणे असे आहे की या अल्बममधील एकटेपणा गजबजाट असूनही टिकला आहे असे नव्हे, तर तो गजबजाटामुळेच ऐकू येतो. ‘हेझी जेन टू’ हे पहिले गायलेले गाणे घ्या. ट्रम्पेट आणि ड्रम जोरात आहेत, लय उसळती आहे, शब्द एकमेकांना ढकलत पुढे येतात. या सगळ्यात निकचा आवाज मात्र जिथल्या तिथे आहे, किंचितही चढलेला नाही. भोवतालचे वादक उत्साहाने बोलत असताना तो आपल्याशीच बोलावे तसे गातो. ‘अ‍ॅट द चाइम ऑफ अ सिटी क्लॉक’मध्ये रे वॉर्ले यांचा आल्टो सॅक्सोफोन ओळींच्या मधल्या जागा भरत जातो, आणि लंडनच्या रस्त्यांवर कुणाशीही ओळख नसलेला माणूस त्या सुरांच्या कडेने चालत राहतो. हेच गाणे केवळ गिटारवर ऐकले असते तर खोलीत बसलेला माणूस दिसला असता, शहर दिसले नसते.

‘पुअर बॉय’विषयी तर मला सर्वाधिक सांगायचे आहे, कारण जे लोक निक ड्रेकला निव्वळ दुःखाचा पुतळा समजतात त्यांनी हे गाणे नीट ऐकलेले नाही, असा माझा संशय आहे. पियानोवर दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले जॅझवादक ख्रिस मॅग्रेगर आहेत आणि मागे पी. पी. अर्नॉल्ड व डॉरिस ट्रॉय या दोन गायिका कोरस म्हणतात. निक आपल्या वाट्याला काय काय आले नाही याची तक्रार करत जातो, आणि दर थोड्या वेळाने या दोघी गॉस्पेल ढंगात त्याची कीव करतात, तीही अशा थाटात की ती कीव आहे की टवाळी हे ठरवता येऊ नये. हे शब्द लिहिणारा निकच आहे. स्वतःच्या आत्मदयेला भरस्टुडिओत दोन बायकांकडून चिडवून घेणारा गीतकार आपल्या अवस्थेविषयी किती जागा असला पाहिजे! आत्मदयेचा आरोप त्याच्यावर करणाऱ्यांनी उत्तर आधीच दिले गेले आहे हे ध्यानात घ्यावे.

आणि मग ‘नॉर्दर्न स्काय’. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकी रॉक गटातून बाहेर पडलेले जॉन केल त्या सुमारास बॉइड यांच्याबरोबर एका वेगळ्या अल्बमवर काम करत होते; त्यांनी निकची ध्वनिमुद्रणे ऐकली, तडक त्याच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कोणकोणती वाद्ये हवीत याची यादीच कळवली. ‘फ्लाय’मध्ये त्यांचा व्हायोला आणि हार्प्सिकॉर्ड आहे, ‘नॉर्दर्न स्काय’मध्ये सेलेस्ट, पियानो आणि ऑर्गन. निकने एवढ्या उघडपणे आनंदाविषयी लिहिलेले दुसरे गाणे मला ठाऊक नाही. ते एकल तबकडी म्हणून तेव्हा काढले गेले नाही. काढले असते तर पुढचे सगळे बदलले असते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो, कारण न घडलेल्या गोष्टींवर चर्चा सुरू झाली की मूळ संगीत बाजूला पडते.

आपल्याला हा अल्बम कसा वाटतो, आणि मुख्य म्हणजे तो आपण कोणत्या क्रमाने ऐकला, तिसऱ्याच्या आधी की नंतर, हे जाणून घ्यायला आवडेल.

जुनी तबकडी

मंद्रसप्तक, लेख विचारपूर्वक लिहिला आहे. तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी ‘पिंक मून’ आधी ऐकला आणि ‘ब्रायटर लेटर’ नंतर, त्यामुळे तुमच्या दृष्टीने मी पूर्वग्रहदूषित श्रोता ठरेन. परंतु पूर्वग्रह बाजूला ठेवूनही काही गोष्टी कानाला खटकतातच. अल्बमच्या नावाचे जे वाद्यखंड आहे त्यातील बासरी, आणि शेवटचे ‘संडे’, ही दोन्ही त्या काळातील दूरचित्रवाणीच्या एखाद्या सौम्य मालिकेचे शीर्षकसंगीत म्हणून सहज खपली असती. हॉटेलच्या प्रतीक्षागृहात मंद आवाजात जे वाजत असते त्या जातीचे हे संगीत आहे. दहा रचनांपैकी तीन गायनाविना आहेत. ज्या माणसाला सांगण्यासारखे एवढे होते त्याने तीन वेळा गप्प का बसावे?

दुसरे असे की तुमचा ‘गजबजाटातला एकटा’ हा युक्तिवाद कोणत्याही अवजड संयोजनाच्या बचावासाठी वापरता येईल. आवाज वाद्यांखाली दबला तर म्हणायचे, हेच तर अभिप्रेत होते! ‘पिंक मून’ दोन रात्रींत, फक्त जॉन वुड यांच्या उपस्थितीत ध्वनिमुद्रित झाला. आवाज आणि गिटार, आणि शीर्षकगीतात पियानोचे चार सूर. त्यानंतर मागे वळून पाहिले की दुसऱ्या अल्बममधले ट्रम्पेट अनावश्यक वाटू लागतात. शिवाय दुसरा अल्बम पुरा होत आला तेव्हाच पुढचा फक्त गिटारवर करायचा असे निकने बॉइड यांना सांगितले होते, ही तर सर्वश्रुत गोष्ट आहे. म्हणजे खुद्द कलावंताचाच कौल माझ्या बाजूने आहे.

सहा तारा

गिटार वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण या चर्चेत संयोजन विरुद्ध गिटार अशी जी विभागणी होते ती ऐकण्यात टिकत नाही.

निक प्रचलित जुळणीत फार कमी गाणी वाजवत असे. गाण्यागणिक तारा उतरवून किंवा चढवून तो मोकळ्या तारांचे निरनिराळे स्वरमेळ तयार करी, आणि अंगठ्याने खर्जाची चाल सतत ठेवून उरलेल्या बोटांनी वर दुसरी धून विणत असे. या पद्धतीत एकटी गिटारच बास, ताल आणि पूरक धून अशी तीन कामे करते. अशा गिटारभोवती संयोजन करणे अवघड असते, कारण रिकामी जागाच फारशी उरलेली नसते. अननुभवी संयोजक गिटार झाकून टाकतो किंवा तिचीच नक्कल तंतुवाद्यांना देतो. कर्बी यांनी दोन्ही टाळले आहे. ‘हेझी जेन वन’ हेडफोनवर लक्ष देऊन ऐका. तंतुवाद्ये गिटारच्या लयीत पाऊल टाकत नाहीत, ती लांब श्वासाचे स्वर धरून राहतात, आणि गिटारची बारीक वीण त्या पडद्यापुढे अधिकच स्पष्ट होते. ‘वन ऑफ दीज थिंग्ज फर्स्ट’मध्ये तर गिटार आणि पियानो असे एकमेकांत गुंतले आहेत की कोणता तुकडा कुणाचा हे सांगायला मला अनेकदा ध्वनिमुद्रण थांबवावे लागले. आपण काय काय होऊ शकलो असतो याची यादी करणारे ते गाणे आहे. पश्चात्ताप खरा, पण ताल झुलता.

याच जुळणीचा श्रोत्यांच्या प्रतिसादाशीही संबंध आहे. प्रत्येक गाण्याआधी तारा नव्याने लावाव्या लागत, आणि तो वेळ गप्पांनी भरून काढण्याचा निकचा स्वभाव नव्हता. बियरचे ग्लास वाजत असलेल्या लोकसंगीताच्या क्लबांत त्या शांततेचा काय परिणाम होत असेल याची कल्पना करावी. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या आधी तो गायला तेव्हा सभागृह शांत होते आणि ते जमले. पुढे मात्र बिनसत गेले. जून १९७० मध्ये सरे परगण्यातील यूएल येथील तंत्रमहाविद्यालयात तो एका गाण्याच्या मध्यावरच उठून निघून गेला, अशी आठवण त्या कार्यक्रमातील सहकलाकार राल्फ मॅकटेल यांनी सांगितली आहे. त्यानंतर त्याने मंच जवळजवळ सोडलाच. म्हणजे ‘ब्रायटर लेटर’ दुकानांत आला त्या वेळी तो लोकांपुढे नेणारा गायकच उपलब्ध नव्हता. अल्बम आवडला नाही म्हणून खपला नाही, असे म्हणण्यापूर्वी तो किती जणांनी ऐकला होता हे पाहायला हवे.

मंद्रसप्तक

सहा तारा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचा दर्जा वाढवला. लांब श्वासाच्या स्वरांची बाब मी ऐकली होती, पण ती मला अशी मांडता आली नसती.

तबकडीदादा, तुमच्या आक्षेपाचे उत्तर देतो. पहिली गोष्ट, वाद्यखंडांचा आग्रह निकचाच होता. निर्मात्याने भोळ्या कवीवर सजावट लादली हे चित्र गोड असले तरी त्याला आधार नाही. कर्बी त्याने निवडले, बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’सारखे भरीव काही करण्याची इच्छा त्या मंडळींत होती, आणि रचनाक्रमही विचारपूर्वक ठरवला गेला. त्या काळी लाँग प्लेला दोन बाजू असत हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिले वाद्यखंड पहिल्या बाजूचे दार उघडते. शीर्षकाचे वाद्यखंड दुसऱ्या बाजूचे दार उघडते, म्हणजे श्रोता उठून तबकडी उलटवतो आणि पुन्हा बसतो तेव्हा ते सुरू होते. ‘संडे’ हे दार लोटून घेते. आज फोनवर दहा रचना सलग वाजतात, त्यामुळे सहाव्या क्रमांकावरचे ते बासरीचे खंड रस्त्यात आडवे आल्यासारखे वाटते. हा दोष रचनेचा किती आणि आपल्या ऐकण्याच्या साधनाचा किती?

दुसरी गोष्ट, कलावंताचा कौल. पुढचा अल्बम गिटारवरच करीन असे म्हणणे म्हणजे आधीचा फसला असे म्हणणे नव्हे. एखाद्या वाटेने जेवढे जाता येते तेवढे जाऊन झाल्यावरही माणूस दुसरी वाट धरतो. मुलाखतींचा आधार घ्यावा तर निकची छापून आलेली संगीतविषयक मुलाखत एकच आहे, ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात मार्च १९७१ ची, आणि तीतही तो फारसे बोललेला नाही. त्या मौनातून ज्याला जे हवे ते काढता येते. याउलट जो बॉइड आणि जॉन वुड या दोघांनीही, शेकडो अल्बम केल्यानंतर, आपण केलेल्या कामांत ‘ब्रायटर लेटर’ला फार वरचे स्थान दिले आहे; आज ऐकताना काही बदलावेसे वाटत नाही असा हा एखादाच, असे बॉइड म्हणतात. अर्थात हा निर्मात्याचा कौल आहे, त्याचे वजन तुम्ही कमी धराल याची मला कल्पना आहे.

रत्नदुर्ग

चर्चा रंगली आहे म्हणून किंचित अवांतर करण्याची परवानगी घेतो. निक ड्रेकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक अभियंते होते आणि नोकरी ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मध्ये. सागवानाच्या व्यापारातील हीच ती कंपनी, जिच्यावर ब्रह्मदेशाच्या दरबाराने लाकूड कमी दाखवल्याबद्दल दंड बसवला, आणि ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबा राजाचे राज्य घेतले. राजाला आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. थिबा पॅलेसच्या आवारात खेळलेल्या माणसाला या गायकाच्या चरित्रात ते नाव अचानक दिसले की कसे वाटेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता मूळ विषयाकडे वळतो. निकची आई मॉली हीसुद्धा गाणी रचत असे आणि घरी पियानोवर बसून म्हणत असे. पतीने घरच्याच टेपवर केलेली तिची ध्वनिमुद्रणे २०१३ मध्ये अल्बमरूपाने सर्वांसाठी निघाली. ती ऐकल्यावर माझे ‘ब्रायटर लेटर’चे ऐकणे बदलले. वरवर नीटनेटकी, सभ्य, घरगुती चाल आणि आत न सांगता ठेवलेली हुरहुर, ही युक्ती मुलाला आईकडून मिळाली असावी. ज्याला तबकडीदादा प्रतीक्षागृहातले संगीत म्हणतात त्या सभ्यपणाचे मूळ मला तिथे दिसते. निकच्या कवितेची तुलना सगळे इंग्लिश स्वच्छंदतावादी कवींशी करतात, आईशी फार कमी जण करतात.

मिडलँड्सवासी

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. निकचे गाव, टॅनवर्थ-इन-आर्डन, येथून मोटारीने फार लांब नाही. तेथील चर्चच्या आवारात एका झाडाखाली त्याची आणि आईवडिलांची कबर आहे. येणारे लोक दगडापाशी गिटारच्या नख्या ठेवून जातात. मुद्दा कबरीचा नाही, येणाऱ्यांचा आहे. ज्यांच्याशी माझे बोलणे झाले त्यांतील बहुतेकांनी सुरुवात ‘पिंक मून’पासून केलेली होती. फोक्सवॅगनच्या मोटारीच्या जाहिरातीत १९९९ च्या सुमारास ते शीर्षकगीत वापरले गेले आणि अमेरिकेत त्याच्या अल्बमांची विक्री एकाएकी कितीतरी पटींनी वाढली, तेव्हापासून हेच प्रवेशद्वार झाले आहे. त्याआधीच्या पिढीचे तसे नव्हते. १९७९ मध्ये तिन्ही अल्बम ‘फ्रूट ट्री’ या नावाने एका संचात निघाले, आणि तो संच थोडाच खपला तरी ज्यांनी घेतला त्यांनी तिन्ही एकदमच ऐकले. येथील वयस्कर श्रोत्यांना ‘ब्रायटर लेटर’ विशेष प्रिय असल्याचे मला वारंवार आढळले, आणि त्याचे कारण हेच असावे.

याला थोडा लेखी आधारही आहे. ‘गार्डियन’ने १९९९ मध्ये नेहमीची मोठी नावे वगळून सर्वोत्तम शंभर अल्बमांची पर्यायी यादी केली, तीत ‘ब्रायटर लेटर’ पहिला होता. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या पाचशे अल्बमांच्या यादीत निकचे तिन्ही होते आणि तिघांत हाच सर्वांत वर, २४५ व्या स्थानी होता, ‘पिंक मून’ ३२० व्या. तीच यादी २०२० मध्ये नव्याने झाली तेव्हा ‘पिंक मून’ २०१ व्या स्थानी चढला आणि उरलेले दोन्ही बाहेर गेले. यादीत बदल झाला तो मतदारांमुळे. अल्बम तेच आहेत. एकट्या माणसाने बंद खोलीत, वाद्यमेळाविना केलेले संगीत खरे आणि अनेकांनी मिळून केलेले ते बनावट, ही समजूत मधल्या काळात फार बळावली. आता घरोघरी संगणकावर एकट्याने अल्बम केले जातात, त्यामुळेही कानाला ती सवय झाली असेल.

शुक्रतारका

मी निक ड्रेकचे नावही ऐकलेले नव्हते. हा धागा उघडला तेव्हा शीर्षकावरच थांबले आणि अल्बम लावला, उरलेला धागा नंतर वाचला. त्यामुळे या लेखातील विश्लेषण डोक्यात न घेता ऐकणारी मी बहुधा येथे एकटीच असेन.

मला हा अल्बम दुःखी वाटला नाही. लाजाळू वाटला. ‘नॉर्दर्न स्काय’मध्ये वाद्ये एकामागून एक येत जातात आणि गायकाला मात्र ते जे काही चांगले घडत आहे त्याच्यावर पुरता विश्वास बसत नाही, असे काहीसे जाणवले. ‘पुअर बॉय’ ऐकताना मी मोठ्याने हसले, आणि त्या दोन गायिका मला गाण्यातील सर्वांत शहाण्या व्यक्ती वाटल्या. आवाजाविषयी एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही ती नोंदवते. तो शब्दांची शेवटची अक्षरे सोडून देतो, हवेत विरू देतो. भावगीतात आपल्याला शब्द स्वच्छ उचललेला आणि स्वच्छ ठेवलेला ऐकायची सवय असते. येथे इंग्रजी समजत असूनही दोनतीन ठिकाणी मला गीताचे शब्द शोधून वाचावे लागले. वाद्यांच्या दाटीत हे उच्चारण त्याच्या विरोधात जाते, एवढे तबकडीदादांच्या बाजूने म्हणेन.

‘फ्लाय’ मात्र मला आवडले नाही. आवाज वरच्या पट्टीत नेऊन केलेली ती विनवणी आणि मागचा हार्प्सिकॉर्ड हे दोन्ही मिळून मला थोडे नाटकी वाटले.

सहा तारा

शुक्रतारका, ‘फ्लाय’विषयीचे तुमचे मत धाडसी आहे, येथील बरेच जण त्या गाण्यासाठी भांडायला उठतील. उच्चाराबद्दल मात्र अगदी योग्य निरीक्षण आहे. तो तालाच्या किंचित मागून, मात्रा संपता संपता गातो, आणि अंगठ्याची चाल त्याच वेळी काटेकोर चालू असते. हात आणि गळा असे दोन वेगळ्या घड्याळांवर ठेवणे किती कठीण आहे, हे वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ढोलताशासारखे बडवणारे ड्रम असते तर हे मागे रेंगाळणे चूक वाटले असते. मॅटॅक्स आणि बीच बॉइजच्या साथीदारांपैकी कोवाल्स्की या दोघाही ड्रमवादकांनी हात हलका ठेवला म्हणून ते शोभते.

मंद्रसप्तक

शुक्रतारका, तुमचा प्रतिसाद मला या धाग्यातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण १९७१ मधल्या श्रोत्याच्या सर्वांत जवळ तुम्हीच आहात. त्यालाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. त्याने हा एका बावीस वर्षांच्या, लाजाळू आणि चतुर तरुणाचा अल्बम म्हणून ऐकला असेल किंवा ऐकला नसेल, पण मृत्युपत्र म्हणून नक्कीच ऐकला नाही.

मिडलँड्सवासींनी याद्यांचा जो फरक दाखवला त्यात एक भर घालतो. जुलै २०२४ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स या वार्षिक संगीतमहोत्सवाचा एक संपूर्ण कार्यक्रम निक ड्रेकच्या गाण्यांचा झाला, ज्यूल्स बकली यांच्या संचालनाखाली बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली आणि निरनिराळ्या गायकांनी गायली. सजावट वाईटच असती तर ही गाणी एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाखाली चिरडली गेली असती. मला तरी ती चिरडलेली वाटली नाहीत. एक उणीव मात्र ठळक जाणवली. प्रशिक्षित, मोकळ्या गळ्याचे गायक तीच गाणी गातात तेव्हा वाद्यवृंद आणि आवाज यांच्यात ताण उरत नाही, दोघेही एकाच ताकदीचे होतात. मूळ अल्बममध्ये तो ताण होता, आणि मी ज्याला गजबजाटातला एकटेपणा म्हटले तो त्या ताणातच आहे. तबकडीदादांचा आक्षेप होता की हा युक्तिवाद कोणत्याही अवजड संयोजनाला लागू करता येईल. तो तसा लागू होत नाही, हे त्या कार्यक्रमातील काही गाण्यांवरूनच दिसते. संयोजन भरीव होते, पण मध्यभागी तो न चढणारा आवाज नव्हता.

जुनी तबकडी

मंद्रसप्तक, शेवटचा मुद्दा वजनदार आहे आणि मी त्यावर विचार करीन. दोन बाजूंच्या दारांचा मुद्दाही तबकडीवर ताडून पाहिला. दुसरी बाजू लावल्यावर शीर्षकाचे वाद्यखंड त्याच्या जागी बसते हे मान्य. सुई ठेवून परत खुर्चीकडे येईपर्यंतच्या वेळात ते वाजत राहते आणि ‘फ्लाय’ सुरू होते तेव्हा आपण ऐकायला बसलेले असतो. या उपयोगापुरते ते चांगले आहे. बासरीची धून म्हणून ते मला अजूनही सपक वाटते, आणि ‘संडे’ तर ‘नॉर्दर्न स्काय’नंतर यायलाच नको होते. तसे गाणे झाल्यावर सुई उचलून ठेवायची असते. मी तसेच करतो.

शुक्रतारका

तबकडीदादा, ‘संडे’ एकदा पूर्ण ऐकून पाहा की! मला तर ते ‘फ्लाय’पेक्षा आवडले.